डाव्या-उजव्या पंखांचा आषाढ

धानाचं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, संपत आलं, की माझी नजर जमिनीला लागते. सिहोऱ्याच्या अलीकडे माझी शाळा आहे. बसमधून उतरलं, की बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, पाळीवरून थोडं चालावं लागतं. इतर दिवसांत मी चांगली माणसासारखी समोर बघून चालते. आषाढ लागला, की पायाखाली बघत चालते. सोबतच्या बाई एकदा वैतागून म्हणाल्या, "मॅडम, रोज रोज काय हरवून राह्यलं तुमचं?" मी म्हटलं, "कानातलं." खरं सांगितलं असतं, तर मधल्या सुटीपर्यंत साऱ्या शाळेत झालं असतं, की मॅडम पिसं शोधत फिरतात.

पण शोधते मी पिसंच. बगळ्याचं सापडतं, पाणकोंबडीचं सापडतं, कधी कोणाच्या घरच्या बदकाचं. उचलते, उताणं करते, पालथं करते, आणि डाव्या बाजूचं की उजव्या, हे मनाशी ठरवल्याशिवाय मला ते खाली टाकवत नाही. आजूबाजूच्या बांध्यांमध्ये नुकतंच रोवलेलं धान उभं असतं. अजून त्यानं मूळ धरलेलं नसतं, त्यामुळे जरा पिवळं, जरा रुसलेलं दिसतं. चिखलाला उबट वास येत असतो. लांब कुठल्या तरी बांधीत बाया वाकलेल्या असतात आणि त्यांच्यातली एखादी उगीचच खळाळून हसते. माझ्या वाट्याला पुष्कळ आषाढ आले. त्यातले बरेचसे ओल्या छत्र्यांसारखे कोपऱ्यात पडले आहेत. एक तेवढा अजून ओला आहे.

तेव्हा आम्ही मोहाडीजवळच्या आमच्या गावी राहत होतो. आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण पौर्णिमा. आषाढी पौर्णिमेला जन्मली, विहारात वर्षावास सुरू व्हायच्या दिवशी, म्हणून आजीनं तेच नाव ठेवलं. त्या नावानं तिला कोणी कधी हाक मारली नाही. ती सगळ्यांची पुनी.

आणि आमच्या घरी बदकं होती. साधी, लहान चणीची नव्हेत. उंच मानेची, पांढरी-करडी, माणसाला बघून अंगावर येणारी. बाबा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये कामाला होते. त्या मिलच्या आवारात राखणीला ही मोठी बदकं ठेवली होती. कुत्रा चोराची भाकर खाऊन गप्प बसेल, बदक बसणार नाही, असा मालकांचा हिशेब. शाळेच्या पुस्तकात यांनाच हंस म्हणतात, असं मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "असन बाई हंस पुस्तकात. आपल्या इथं चिखल खाते ते बदकच."

बाबांचं काम मिलच्या अंगणात वाळत घातलेलं धान झाडून एकत्र करायचं. हातात लांब झाडू आणि नाकातोंडात कोंडा. बरीच वर्षं असा कोंडा खाल्ल्यावर त्यांना दमा लागला. डॉक्टर म्हणाले, मिल सोडा. सोडायच्या दिवशी मालकांनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? आमच्या बाबांनी बदकांची जोडी मागितली. दुपारची भाकर ते त्या बदकांच्या संगतीनं खायचे, एवढाच काय तो दोघांचा संबंध. जोडी पोत्यात घालून, माना बाहेर काढून, ते मोहाडीपर्यंत एस.टी.नं आले. आईनं कितीतरी दिवस हे प्रकरण चघळलं. "लोकं काम सोडतेत तं भांडी आनतेत, कपडे आनतेत. आमच्या घरी हे आले, चावरे जावई!"

पण त्यांना कण्या घालायची तीच. बघता बघता जोडीचा कळप झाला. मोठ्या नराचं नाव बाबांनी जमादार ठेवलं. तो सांदवाडीत, म्हणजे आमच्या घरामागच्या परसात, छाती काढून फिरायचा, आणि पोस्टमन आला, की त्याला फाटकाबाहेरच उभा करायचा.

या बदकांचा वर्षातून एकदा पंख टाकायचा हंगाम असतो. पिल्लं हाताशी आली, पाऊस स्थिरावला, की पंखांतली मोठी पिसं एकापाठोपाठ गळू लागतात. एरवीचा तोरा उतरतो. जमादारसुद्धा त्या दिवसांत कोणाच्या वाटेला जायचा नाही. बोडीच्या काठाला बेशरमाच्या झुडपात जाऊन गुपचूप बसायचा. बाबा म्हणायचे, "त्याले लाज वाटते. वर्दी उतरली ना त्याची." दरवर्षी ही पिसं वाऱ्यावर उडायची, बोडीवर तरंगायची, रोवणीच्या बायांच्या डोक्यांवर बसायची. आमच्या लेखी तो केर होता. त्या वर्षी तो केर राहिला नाही, आणि त्याचं कारण पुनी.

पुनी तेव्हा दहावीला गेली होती. शाळेत पी.टी.च्या सरांनी पोरींच्या हातात बांबूची धनुष्यं दिली होती. बाकीच्या पोरींनी महिनाभर हौस केली आणि बोटं सोलली तेव्हा सोडून दिलं. पुनीनं सोडलं नाही. बोडीच्या पाळीला तणसाचा, म्हणजे भाताच्या पेंढ्याचा, भारा टेकवून ती शाळेच्या आधी आणि शाळेच्या नंतर बाण मारत बसायची. भाऱ्यात बाण घुसल्याचा तो दबका, जाडसर आवाज माझ्या अभ्यासाला साथ द्यायचा. मी तेव्हा डी.एड.ला होते.

जिल्हा नुकताच फुटला होता. गोंदिया वेगळं झालं, कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या, पेपरात बरंच काही आलं. आमच्या घरापुरता त्या फुटण्याचा अर्थ एवढाच, की तिरंदाजीच्या जिल्हा निवडीला देवरी-सालेकसाकडच्या पोरी आता येणार नव्हत्या. जंगलाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या त्या पोरींसमोर आमच्याकडच्या एकीचाही कधी नंबर लागला नव्हता. सर घरी येऊन खाटेवर बसले आणि बाबांना म्हणाले, "दादा, आता हिचा चान्स हाये. निवड झाली, तं तिकडं पुण्याकडच्या वसतिगृहात जागा भेटते. राहनं, खानं, शाळा, सगळं तिथं. पोरीचं जलम सुधरन."

निवड झाली नाही तर काय, हे सरांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आमच्या मावशीनं एक स्थळ आधीच हेरून ठेवलं होतं.

बाबा सरांना "हाव, हाव" म्हणत होते. पण मला त्यांच्या छातीतली शिट्टी वाढलेली ऐकू येत होती. खरी गोष्ट अशी होती, की आई दिवसभर रोवणीला, मी कॉलेजला. दम्यानं बेजार माणसाजवळ, शाळेची वेळ सोडली तर, घरात असायची ती पुनी. त्यांच्या श्वासाचा सूर बदलला, की आतल्या खोलीतूनच ते ओळखून ती पाणी गरम करायला ठेवायची. पाठ चोळायची. त्यांच्याशी भांडायची, त्यांच्याबरोबर बदकं हाकायची. ती गेली, तर बाबांचा दिवस सबंध रिकामा होणार होता. न गेली, तर तिचा सबंध जन्म. एवढं उघड होतं, आणि आमच्या घरात त्यावर कोणी अवाक्षर काढलं नाही.

सरांनी जाता जाता आणखी एक सांगितलं. शाळेच्या बाणांना मागं प्लास्टिकची पाती होती. साध्या बांबूच्या धनुष्यावर बाण लाकडाला घासून जातो. प्लास्टिकचं पातं तिथं आपटतं आणि बाणाचं तोंड फिरतं. पीस लावलं तर ते दबतं आणि पुढं जाऊन पुन्हा उभं राहतं. "तुमच्या घरी तं पिसंच पिसं हायेत," सर म्हणाले. "फक्त एक ध्यानात ठेवा. एका बानाले तीनही पिसं एकाच बाजूच्या पंखाची पायजे. डावी तं डावी, उजवी तं उजवी. मिसळली का बान डुलते."

ओळखायचं कसं? पिसाच्या एका बाजूची कड अरुंद असते, दुसरीची रुंद. चकचकीत बाजू वर धरायची. अरुंद कड डावीकडे आली तर डावं पीस, उजवीकडे आली तर उजवं. पुनीनं हे शाळेत सरांना विचारून घेतलं आणि घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. सोपं होतं. आम्हा सगळ्यांना लगेच समजलं, आणि तिथंच घोटाळा झाला.

मला आधी वाटलं होतं, जमादारला धरायचं आणि चार पिसं ओढून काढायची, मोकळं व्हायचं. आईनं मला तिथल्या तिथं झापलं. आई विहारात मागच्या रांगेत बसायची, वाचन चालू असताना कधीकधी पेंगायचीही, पण पंचशीलातलं दुसरं शील तिनं गाठीला बांधून ठेवलं होतं: न दिलेलं घेणार नाही. लोकांना त्याचा अर्थ चोरी करू नये एवढाच वाटतो. आईच्या हिशेबात त्यात बदकही येत होतं. "त्यानं टाकलं, का ते आपलं. आंगावर हाये तवरी त्याचं. लेकरू काय, पाखरू काय, ज्याचं त्यानं देल्लं पायजे."

मग आमच्या सकाळी बदलल्या. झुंजुमुंजू झालं, की पुनी आणि मी बोडीवर. पाण्यावर धुकं नसलं तरी एक दुधी झाक असायची. पावलं चिखलात रुतायची, पोटऱ्यांना गवताची पाती चरचरायची. पांढरं काही दिसलं, की ती धावायची; पुष्कळदा ते बगळ्यानं शिटलेलं पान निघायचं. झुडपाच्या बुडाशी, बदकांनी रात्र काढली असेल तिथं, खरं घबाड असायचं. दहिवरानं जड झालेलं लांब पीस उचललं, की त्याचा देठ हाताला गार लागायचा. पुनी ते गालावरून फिरवून बघायची आणि मग माझ्या गालावरून. नववी-दहावीच्या पोरी ताईशी बोलत नाहीत म्हणतात. माझ्याशी ती त्या महिन्यात जेवढं बोलली, तेवढं नंतर कधी बोलली नाही.

घरी आणून पिसं रिठ्याच्या पाण्यात धुवायची आणि दोन सुपांमध्ये वाळत घालायची. एक सूप डाव्यांचं, एक उजव्यांचं. सकाळी रोवणीला जायच्या आधी आई निवडायची. ती गेल्यावर उरलेली बाबा निवडायचे, खाटेवर बसून, चष्मा नाकाच्या टोकावर. त्यांना काम मिळालं होतं. मिल सुटल्यापासून त्यांच्या हातांना काही धरायलाच नव्हतं. पुढचं सगळं त्यांनीच अंगावर घेतलं. देठ ब्लेडनं उभा चिरायचा, आतला भुसा खरवडून काढायचा, पीस कात्रीनं उतरतं कापायचं. धावड्याचा डिंक आणि आंधळगावच्या मागांवरून आणलेले कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, तुटके धागे. डिंकानं पीस बांबूच्या काडीला चिकटवायचं आणि वरून धागा एकेका केसरामधून असा फिरवायचा, की पीस विसकटत नाही. ते करताना ते श्वास रोखून धरायचे. दम्याचा माणूस श्वास कसा रोखतो, हे मला अजून समजलेलं नाही. पण तेवढ्यापुरती शिट्टी थांबायची आणि सांदवाडीत एकदम शांत वाटायचं.

आज मी वर्गात पोरांना कागदाचं काही करायला शिकवते, तेव्हा ती जीभ दातांत धरतात. बाबाही धरायचे. मला त्या पोरांना रागावता येत नाही.

बाण तयार झाले. देखणे दिसत होते. दोन पिसं पांढरी, एक करडं. पुनीनं पहिला बाण लावला, ओढला, सोडला. सरळ भाऱ्यात. आईसुद्धा टाळी वाजवायला विसरली नाही. दुसरा गेला तो शेपूट हलवत, गावातल्या दारू प्यालेल्या माणसासारखा, आणि पाळीवरून पलीकडच्या बांधीत पडला. तिसरा सरळ. चौथा डुलत. पुन्हा डुलत.

आम्ही आधी बांबूवर आळ घेतला, काड्या शेकून सरळ केल्या. मग वाऱ्यावर. मग पुनीच्या बोटांवर. सर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हात हालून राह्यला तुया. मन नाई लागून राह्यलं." पुनी बोडीच्या पलीकडे जाऊन पाठमोरी बसली. ती रडत होती, हे तिच्या मानेवरून दिसत होतं. निवड तोंडावर आली होती, आणि झाडून सगळी चांगली पिसं त्या बाणांना लागून गेली होती.

घोटाळा मला सापडला तो योगायोगानं. संध्याकाळी आई रोवणीहून आली, पायांना चिखल तसाच. सुपातलं एक पीस उचलून मी तिला विचारलं, "आई, हे कोनतं?" तिनं देठ चिमटीत धरला, देठ खाली, टोक वर, आणि म्हणाली, "उजवं." तेच पीस मी बाबांना दिलं. त्यांनी देठ मुठीत धरला, देठ वर, टोक खाली, आणि म्हणाले, "डावं."

दोघंही बरोबर होते. आईच्या हातात आयुष्यभर धानाचे पऱ्हे, रोवायची रोपं. मूळ खाली, शेंडा वर, हीच तिची जगातली कुठलीही काडी धरायची रीत. बाबांच्या हातात आयुष्यभर झाडू, मूठ वर, टोकं खाली. उलटं धरलं, की डावं उजवं होतं. सकाळची पिसं आईच्या हिशेबानं सुपात पडत होती, दुपारची बाबांच्या. खरं बघता बदकाच्या अंगावर पीस जसं असतं, टोक मागं, तसं बाबाच धरत होते. पण त्या संध्याकाळी आईला हे सांगायची कोणाची छाती नव्हती.

मला हसू आलं. मी हसलेसुद्धा. आई हसली नाही. ती बाबांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "तुमी मुद्दाम केलं."

"काय मुद्दाम?"

"पोरगी जाऊ नोये म्हनून. मले का दिसत नाई? ती जाईन म्हटलं, का तुमचा दम वाढते."

बाबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "मले तिले ठेवाचीच असती, तं पिसं कायले वेचत बसलो असतो वो मी?" एवढंच ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ऐकवेना. मग ते उठले, चप्पल न घालता सांदवाडीत गेले. जमादारच्या डाव्या पंखात अजून मोठी पिसं शिल्लक होती, सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत चांगली. बाबांनी वाकून त्याला काखेत धरलं. ज्या माणसानं त्या बदकाला कधी काठीही दाखवली नव्हती, त्यानं त्याचा पंख ताणून धरला आणि एका पिसावर मूठ आवळली. जमादार ओरडला, त्यांच्या दंडाला कडकडून चावला, तरी त्यांनी सोडलं नाही.

"सोडा," आई म्हणाली.

"पिसं पायजे ना तुमाले? घ्या. मंग पटन तुमाले."

आई जवळ गेली. चिखलाच्या हातानं तिनं त्यांचं मनगट धरलं. "नाई पायजे. त्यानं देल्लं नाई अजून." आणि मग, अगदी हळू, "मी उगीच बोलली. माया बी जीव तसाच होते, म्हनून बोलली."

बाबांनी मूठ उघडली. जमादार पंख झाडत, शिव्या देत बोडीकडे पळाला. बाबांच्या दंडावर लालभडक वळ उठला होता. आईनं त्यावर हळद लावली, आणि लावताना म्हणाली, "बरं चावला." मग दोघंही हसले. पुनी दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि तिनं पाणी गरम करायला ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बाण सोडवायला बसलो. ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, की डिंक मऊ पडायचा. एवढ्या नजाकतीनं बांधलेले कोशाचे धागे बाबांनी स्वतःच एकेक करून उलगडले. पिसं दबली होती, त्यांना चुलीवरच्या वाफेवर धरलं, की ती पुन्हा अंग धरायची, हा शोध पुनीचा. बाबांच्या वाफाऱ्याच्याच भगोण्यावर. एक वेळ बाबा डोक्यावर टॉवेल घेऊन, एक वेळ पिसं. निवड आता सगळ्यांनी बाबांच्या रीतीनं केली, टोक खाली धरून, आणि आई प्रत्येक पिसाला कुरकुरली. काही पिसं फाटली. डावी कमी पडली. आम्ही वाट बघितली. जमादारनं दोन-तीन दिवस आमची परीक्षा बघून आपली उरलेली पिसं बोडीच्या पाण्यावर टाकली, एकामागून एक, कोणी न मागता.

बाण सरळ गेले. निवडीला पुनीसोबत सर गेले आणि मी गेले. बाबांना प्रवास झेपणार नव्हता, आई रोवणी सोडून येणार नव्हती. मैदानाबद्दल मला फार आठवत नाही. चुन्याच्या पट्ट्या पावसानं फिस्कटल्या होत्या, आणि पुनी बाण ओढताना ओठ मिटायची, एवढं आठवतं. तिचं नाव पुकारलं, तेव्हा मला आधी आनंद झाला आणि लगेच बाबांची खाट आठवली.

पुनी आता पोलिसात आहे, घरापासून पार लांब. वसतिगृहात गेल्या गेल्याच तिला बाण लाकडाला न घासणारं दुसरं धनुष्य मिळालं, कारखान्यात बनलेले बाण मिळाले, मागं चिमुकली प्लास्टिकची पाती असलेले. बदकाच्या पिसाचं तिथं काही काम उरलं नव्हतं. तिनं हे सुटीत आल्यावर बाबांना सरळ सांगितलं. लपवाछपवी तिला जमतच नाही. बाबा म्हणाले, "सरळ जाते ना? मंग झालं." तरी पुढचे तीन-चार आषाढ ते सुपं घेऊन बसत. आई विचारायची, "आता कायले?" ते म्हणायचे, "टाकून राह्यले बिचारे. कोनी तं घेतलं पायजे." नंतर बाबाही गेले. जमादार त्यांच्या आधीच गेला होता. आई आता माझ्याकडे असते, बदकं नाहीत, आणि मला कोणी विचारलं, की वडील कसे होते, तर मी मिलमधलं काही सांगत नाही. मी मोहाडीच्या बस स्टँडवरची एक सकाळ सांगते.

पुनीला निघायचं होतं. सर तिकिटांचं बघायला गेले होते. आई पिशवीतल्या डब्यांची झाकणं पुन्हा पुन्हा दाबून बघत होती. बाबा सिमेंटच्या बाकावर बसले होते. घरून स्टँडपर्यंत येईस्तोवरच त्यांना धाप लागली होती. पुनी त्यांच्या शेजारी बसली. दोघंही समोर, रस्त्याकडे बघत होते.

"पुने," बाबा म्हणाले, "ते पिसाचं मी मुद्दाम नोतं केलं."

"मले मालूम हाये, बाबा."

"पन तुयावाला बान डुलत गेला ना," ते थांबले, श्वास घेतला, "तवा घडीभर मले बरं वाटलं. म्हटलं, राह्यली पोरगी."

आईचे हात झाकणावर थबकले. मला वाटलं, आता पुनी रडणार. ती रडली नाही. तिनं बाबांच्या हाताला हात लावला आणि रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "मले बी वाटलं, बाबा."

तुमसरकडून येणारी गाडी वळणावर दिसली. पुनी उठली. मी पिशवीला हात घातला, तर बाबांनी तो बाजूला सारला. त्या पिशवीत आईनं पोहे, तांदूळ, लोणचं असं काय काय कोंबलं होतं. दम्याच्या माणसानं उचलू नये इतकी ती जड होती. ती त्यांनी खांद्यावर घेतली, गर्दीतून वाट काढत गाडीत चढले, आणि पुनीसाठी खिडकीजवळची जागा धरून उभे राहिले.